मोठ्या कॉलेजांना नेमकं काय हवं असतं? ठाणे, भिवंडी, कल्याणच्या पालकांसाठी माहिती

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडीपासून कल्याणच्या दूधनाक्यापर्यंत घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला चांगले मार्क्स पडलेले असतात, घरी पेढे वाटून झालेले असतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "एवढ्या मोठ्या कॉलेजात आपल्याला कोण घेणार?" कुणाच्या मते ओळख लागते, कुणाच्या मते डोनेशन. कुणी सांगतं की नाव बघूनच अर्ज बाजूला ठेवतात. कुणाचं म्हणणं असतं की इंग्रजी फाडफाड बोलता आलं नाही तर तिकडे जाऊच नये. या सगळ्या बोलण्यात ते कॉलेज प्रवेश देतं कसं, हे मात्र क्वचितच कुणी बघतं. आणि तोवर फॉर्मची तारीख निघून गेलेली असते.

आमच्याकडे पालकांचे जे प्रश्न येतात, त्यावरून आम्हाला एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपल्या मुलांच्या बऱ्याच जागा मार्क्स कमी पडल्यामुळे जात नाहीत. अर्जच न भरल्यामुळे, चुकीचा भरल्यामुळे किंवा एखादा कागद वेळेवर न मिळाल्यामुळे त्या जातात. म्हणून मोठी कॉलेजं खरोखर काय बघतात, काय बघत नाहीत आणि आपण कुठे लक्ष द्यायचं, हे एका ठिकाणी मांडत आहोत.

आधी आकडे

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशातल्या सर्व आयआयएममध्ये मिळून ४,७४३ विद्यार्थ्यांपैकी फक्त ६३ मुस्लिम होते. आयआयटींमध्ये २७,१६१ पैकी ८९४, म्हणजे ३.३ टक्के. त्याच अहवालात एक गोष्ट अशी आहे जी आपण फारशी सांगत नाही. नामांकित संस्थांमध्ये अर्ज केलेल्या मुस्लिम मुलांची निवड होण्याचं प्रमाण इतरांच्या तुलनेत वाईट नव्हतं. मुळात अर्ज करणारेच कमी होते.

त्यानंतरची परिस्थिती फार सुधारली असं म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात एकूण विद्यार्थ्यांमध्ये मुस्लिमांचा वाटा ४.६ टक्के होता आणि आदल्या वर्षाच्या तुलनेत मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ८ टक्क्यांनी घटली होती. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतला आपला वाटा १४.२ टक्के आहे. भेदभाव होतच नाही असं आमचं म्हणणं नाही. घर भाड्याने घेताना, नोकरी शोधताना तो अनेकांनी अनुभवलेला आहे. पण प्रत्येक दार त्याच कारणाने बंद आहे असं धरून चाललो, तर जी दारं उघडी आहेत तिथेही आपण जाणार नाही.

प्रकार पहिला : जिथे फक्त रँक बघतात

आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या संस्थांपैकी बऱ्याचशा या प्रकारात येतात. पवईच्या आयआयटीची बी.टेक.ची जागा जेईई अॅडव्हान्स्डच्या रँकवर मिळते. केईएम, जेजे, सायन, नायर किंवा आपल्या कळव्याचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज, सगळीकडे एमबीबीएसला नीटची रँक चालते. माटुंग्याचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी यांच्या राज्याच्या जागा एमएचटी-सीईटी आणि कॅप फेऱ्यांमधून भरतात. मुंबईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट द्यावी लागते. दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून पदवीचे प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतात.

इथे मुलाखत नाही, निबंध नाही, शिफारसपत्र नाही. मुलगा मुंब्र्याच्या चाळीतला की घोडबंदरच्या टॉवरमधला, मुलगी बुरखा घालते की नाही, वडील रिक्षा चालवतात की दुबईला आहेत, हे विचारायला समोर कुणी बसलेलंच नसतं. उत्तरपत्रिका संगणक तपासतो. पाटण्याच्या रहमानी-३० सारख्या उपक्रमांतून साध्या घरांतली मुस्लिम मुलं आयआयटीत पोहोचली, ती याच रस्त्याने.

म्हणून या प्रकारात नाच-गाणं, खेळ, पंधरा सर्टिफिकेटं यांचा प्रवेशासाठी उपयोग नाही. मुलांनी ते जरूर करावं, पण फॉर्मसाठी म्हणून नाही. इथे लागतो परीक्षेचा नीट अभ्यास आणि परीक्षेचे नियम माहीत असणं. काही नियम आम्ही मुद्दाम सांगतो.

• बारावीचे मार्क्स बहुतेक ठिकाणी पात्रतेपुरते असतात. आयआयटीसाठी खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. बोर्डात ९२ टक्के पडले म्हणून रँक वाढत नाही. पण ७४ टक्के पडले तर चांगली रँकही वाया जाऊ शकते. बोर्डाकडे दुर्लक्ष करू नका.

• जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते, त्यातला चांगला स्कोअर धरतात. वरचे अडीच लाख विद्यार्थी अॅडव्हान्स्डला बसू शकतात. अॅडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते.

• जेईई मेन आणि नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. एमएचटी-सीईटीत गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न रिकामा सोडू नका. सीईटीत सुमारे २० टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो. "अकरावी काय, आरामाचं वर्ष" असं म्हणणारे तिथे मार खातात.

• उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी : जेईई मेन, नीट आणि सीयूईटी या परीक्षा उर्दूतून आणि मराठीतूनही देता येतात. जेईई अॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते, क्लॅट इंग्रजीत. उर्दू माध्यमातल्या मुलाने दहावीनंतर लगेच विज्ञानाचे इंग्रजी शब्द पक्के करायला घ्यावेत. दहावीच्या सुट्टीचे दोन महिने यासाठी पुरतात.

रँकनंतर काय : कागद

रँक आली म्हणजे जागा मिळाली असं नाही. त्यानंतर संगणक आणखी एक गोष्ट बघतो, ती म्हणजे तुम्ही कोणत्या प्रवर्गात आहात आणि तुमच्याकडे त्याचा कागद आहे का. आपल्या मुलांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं.

पहिली गोष्ट. "मुस्लिम आरक्षण" आहे की नाही याबद्दल अजून गोंधळ आहे. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण दिलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात शिक्षणातलं आरक्षण चालू ठेवायला मुभा दिली, नोकरीतलं थांबवलं. पुढे अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपला. त्यामुळे धर्माच्या नावाने फॉर्ममध्ये कुठलाही प्रवर्ग नाही. पण मोमीन/जुलाहा, पिंजारी, बागवान, तांबोळी अशा अनेक मुस्लिम जाती ओबीसीच्या यादीत आहेत. भिवंडीतल्या कित्येक विणकर कुटुंबांना हे माहीत आहे, पण दाखला काढलेला नाही.

अडचण कुठे येते? शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "मुस्लिम" लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांचा, पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद किंवा महसुली कागद शोधावा लागतो. हे काम निकालानंतरच्या आठ दिवसांत होत नाही. मूल आठवी-नववीत असतानाच तहसील कार्यालय किंवा सेतू केंद्रात चौकशी करा. राज्याच्या व्यावसायिक प्रवेशांना जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. त्यासाठी बारावीत आल्यावर कॉलेजमार्फत अर्ज करायला उशीर करू नका.

दुसरी गोष्ट. राज्याचा ओबीसी दाखला आणि केंद्राचा ओबीसी-एनसीएल दाखला वेगळे असतात. आयआयटीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, आपली जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि दाखला त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला असावा लागतो. मागच्या वर्षीचा दाखला घेऊन गेलात तर मूल खुल्या प्रवर्गात ढकललं जाऊ शकतं.

तिसरी गोष्ट. कोकणी मुस्लिम कुटुंबं बहुतेक खुल्या प्रवर्गात मोडतात. उत्पन्न वर्षाला ८ लाखांपेक्षा कमी असेल तर २०१९ पासून असलेल्या १० टक्के ईडब्ल्यूएस कोट्याची चौकशी करा. त्याला मालमत्तेच्या आणि अधिवासाच्या अटी आहेत, त्या तहसील कार्यालयात समजून घ्या. "ते आपल्यासाठी नाही" असं परस्पर ठरवू नका.

चौथी गोष्ट, नावाचं स्पेलिंग. एका कागदावर "मोहम्मद", दुसऱ्यावर "मोहम्मद"चं छोटं रूप, तिसऱ्यावर ते नावच नाही. "शेख" कधी पुढे, कधी मागे. मुलींच्या नावापुढे "बानो" किंवा "खातून" एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. आधार, दहावीचा फॉर्म आणि जातीचा दाखला यांत नाव अगदी एकसारखं हवं. मूल नववीत असतानाच ते दुरुस्त करून घ्या. दहावीच्या मार्कशीटवर छापलेलं नाव बदलणं फार त्रासाचं असतं.

पाचवी गोष्ट, राज्य कोटा. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात. त्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या हव्यात आणि अधिवास प्रमाणपत्र हवं. काही पालक मुलाला कोट्याला पाठवून तिकडच्याच शाळेत बारावीचा फॉर्म भरतात, काही जण उत्तर प्रदेशातल्या मूळ गावी ठेवतात. मूल राबोडीत किंवा कौशात जन्मलेलं असलं तरी मग राज्याच्या जागेवर हक्क सांगता येत नाही आणि देशभराच्या १५ टक्क्यांत स्पर्धा करावी लागते. हा निर्णय दहावीनंतर होतो आणि कळतं ते नीटच्या निकालानंतर.

आणि एक गैरसमज. फॉर्ममध्ये "अल्पसंख्याक" दिसलं की आपण टिक करतो. अल्पसंख्याक कोटा त्या त्या संस्थेच्या समाजापुरता असतो. झेवियर्स ख्रिश्चन अल्पसंख्याक संस्था आहे, तिथला कोटा आपला नाही. भायखळ्याचं साबू सिद्दीक, नव्या पनवेलचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस, वांद्र्याचं रिझवी अशा मुस्लिम संस्थांमध्ये तो आपल्याला मिळतो. रँक थोडी मागे असेल तर पसंतीक्रमात ही कॉलेजं जरूर ठेवा.

पसंतीक्रम भरतानाही जपून. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की तेच पक्कं होतं. म्हणून पहिल्या ओळीत तेच लिहा जिथे मिळालं तर खरंच जायचं आहे. "बघू या मिळतं का" म्हणून वर काहीही टाकू नका, आणि "मिळणारच नाही" म्हणून हवं ते कॉलेज गाळूही नका.

प्रकार दुसरा : रँक आणि मुलाखत

आयआयएम या प्रकारात येतात. पवईतली पूर्वीची निटी २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली, म्हणजे ही संस्था आता आपल्या लोकलच्या अंतरावर आहे. इथे कॅटचा स्कोअर लागतोच. शिवाय बहुतेक आयआयएम दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांनाही वजन देतात. अनेक ठिकाणी इंजिनीअरिंग सोडून दुसऱ्या शाखांतून आलेल्यांना आणि मुलींना काही गुण जास्त मिळतात. उल्हासनगर-कल्याणच्या कॉलेजातून बी.कॉम. किंवा बी.ए. केलेल्या हुशार मुलीने "ते इंजिनीअर लोकांचं काम" म्हणून सोडून देऊ नये.

मुलाखतीत इंग्रजीच्या उच्चारापेक्षा तीन गोष्टी बघतात. तुम्ही जे शिकलात ते तुम्हाला कळलंय का. तुम्ही जे केलं ते का केलं, हे सांगता येतं का. आणि माहीत नसलेल्या प्रश्नाला "माहीत नाही" म्हणायची हिंमत आहे का. ज्याने दोन वर्षं वडिलांच्या दुकानाचा हिशेब ठेवला, त्याला उधारी कशी वसूल होते, कोणत्या महिन्यात माल पडून राहतो, हे आकड्यांसकट सांगता येतं. असं बोलणं क्लासमध्ये पाठ केलेल्या उत्तरापेक्षा जास्त ऐकलं जातं. आपली मुलं मात्र नेमकं हेच लपवतात, कारण त्यांना वाटतं की दुकान, पॉवरलूम, बेकरी या सांगायच्या गोष्टी नाहीत.

प्रकार तिसरा : जिथे पूर्ण अर्ज वाचतात

सोनीपतचं अशोका विद्यापीठ, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि परदेशातली बहुतेक मोठी विद्यापीठं या प्रकारात येतात. कुठे निबंध असतो, कुठे परीक्षा आणि मुलाखत, कुठे शिक्षकांची पत्रं. इथे मार्क्स लागतात, पण मार्क्सनंतर माणूस म्हणून तुम्ही कोण आहात ते वाचतात.

या पद्धतीचा इतिहास आपण माहीत करून घ्यायला हवा. १९२२ च्या सुमारास अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये पाचातला एकाहून थोडा जास्त विद्यार्थी ज्यू होता. परीक्षेत ते पास होत होते. तेव्हाचे अध्यक्ष लॉवेल यांना हे प्रमाण कमी करायचं होतं. उघड कोट्याला विरोध झाला, तेव्हा १९२६ च्या सुमारास प्रवेशात "चारित्र्य" आणि "व्यक्तिमत्त्व" यांना महत्त्व आलं आणि अर्जासोबत फोटो मागायला सुरुवात झाली. ज्यू मुलांची संख्या उतरली. अलीकडे हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात व्यक्तिमत्त्वाला दिलेल्या गुणांवर बोट ठेवलं गेलं, कारण आशियाई वंशाच्या मुलांना त्यात सरासरी कमी गुण मिळत होते. माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना मिळणारं झुकतं मापही त्यात समोर आलं. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेणं बंद केलं. देणगीदारांच्या मुलांची सोय मात्र त्या निकालाने बंद झाली नाही.

हे सांगण्याचं कारण घाबरवणं नाही. "पूर्ण माणूस बघतो" म्हणणारी पद्धत आपोआप न्यायी होत नाही, आणि नुसत्या परीक्षेची पद्धत आपोआप निर्दयी होत नाही, एवढं लक्षात यावं. परीक्षेला बसताना क्लासची फी आड येते. निबंध लिहिताना महागडा सल्लागार आड येतो. दोन्हीकडे पैशाचा जोर चालतोच.

तरीही या अर्जात आपल्या मुलांकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंब्रा कसं वाढलं, हे घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेली मुलगी शहर कसं घडतं यावर लिहू शकते. भिवंडीचा मुलगा पॉवरलूमच्या कारखान्यात वीज गेली की कुणाची मजुरी बुडते ते लिहू शकतो. एखादीने मोहल्ल्यातल्या लहान मुलांना तीन वर्षं गणित शिकवलं असेल, तर ते एका दिवसाच्या पाच शिबिरांच्या फोटोंपेक्षा मोठं आहे. वाचणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते : या मुलाने हाताशी जे होतं त्याचं काय केलं, आणि किती काळ टिकून केलं. निबंध मुलानेच लिहावा. मामाने किंवा एजंटने लिहिलेला निबंध मुलाखतीत दहा मिनिटांत उघडा पडतो.

पैशाचं काय?

"मिळालं तरी फी कुठून आणणार" या विचाराने अनेक घरांत फॉर्मच भरत नाहीत. त्याआधी हे बघा.

• आयआयटीत घरचं उत्पन्न वर्षाला १ लाखापेक्षा कमी असेल तर शिकवणी शुल्क पूर्ण माफ होतं, १ ते ५ लाखांमध्ये असेल तर दोन-तृतीयांश माफ.

• महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. म्हणजे वर सांगितलेला दाखला मुलीच्या पूर्ण फीइतक्या किमतीचा आहे.

• अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर असते. केंद्राची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली, तिच्या भरवशावर राहू नका.

• अशोका आणि अझीम प्रेमजी विद्यापीठं घरची परिस्थिती पाहून आर्थिक मदत देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी या संस्था परदेशी मुलांनाही निवडताना पैशाची ऐपत बघत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेइतकी मदत देतात.

व्याजाच्या कर्जाचा प्रश्न अनेक पालकांच्या मनात असतो. त्याबद्दल आपल्या उलेमांशी बोला. पण आधी माफी आणि शिष्यवृत्तीचा हिशेब करा, म्हणजे कर्ज खरंच लागतं का आणि किती लागतं, ते कळेल. जमातींनाही आमची विनंती आहे. शिक्षणासाठीची मदत जूनमध्ये फी भरायच्या वेळी दिली जाते. त्यातली थोडी दाखले, फॉर्म फी आणि क्लाससाठी दोन वर्षं आधी दिली तर तिचा उपयोग जास्त होईल.

आठवीपासून बारावीपर्यंत

आठवी-नववी : जातीचे जुने पुरावे शोधा, आधार आणि शाळेतलं नाव जुळवा. सहावी आणि नववीसाठीची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा देऊन बघा, विचार करायची सवय लागते.

दहावी : निकालाची वाट न बघता उत्पन्न, अधिवास आणि जातीचे दाखले काढा.

अकरावी : मुलीने जीवशास्त्र घेतलं म्हणून गणित सोडायची घाई करू नका. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले तर मेडिकल आणि इंजिनीअरिंग दोन्ही रस्ते मोकळे राहतात. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सलाही बारावीचं गणित लागतं. कॉलेज निवडताना महाराष्ट्र सोडायचं असेल तर राज्य कोट्याचा विचार आधी करा.

बारावी : परीक्षांच्या फॉर्मच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर यांची वैधता तपासा. प्रत्येक परीक्षेची माहितीपुस्तिका मुलासोबत बसून एकदा पूर्ण वाचा, कारण नियम दरवर्षी थोडे बदलतात आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज बऱ्याचदा मागच्या वर्षीचा असतो.

मशिदीच्या बाहेर, लग्नाच्या मांडवात, मुंब्र्याच्या लोकलमध्ये पुन्हा कुणी म्हणालं की "आपल्याला कोण घेणार", तर त्यांना एकच विचारा : अर्ज भरला होता का? दाखला होता का? या दोन्हींचं उत्तर "हो" असेल आणि तरीही अन्याय झाला असेल, तर त्याविरुद्ध बोलू, लिहू, गरज पडली तर कोर्टातही जाऊ. पण आपला फॉर्म आपण भरायचा आहे. अल्लाह आपल्या मुलामुलींच्या मेहनतीला यश देवो. आमीन.